पौल, याकोब आणि ल्यूथरचा ‘केवळ’

रोमकरांस पत्रातील एका वचनात (३:२८) मूळ ग्रीकात नसलेला ‘केवळ’ हा शब्द ल्यूथरने आपल्या १५२२ च्या जर्मन भाषांतरात योजिला व १५३० मध्ये जर्मन भाषेच्या प्रकृतीचा आधार देऊन त्याचे समर्थनही केले. भाषांतरकाराचे समर्थन म्हणून ते दुर्बल नाही. परंतु ‘केवळ विश्वासाने’ हा शब्दप्रयोग नव्या करारात एकदाच, याकोबाच्या पत्रात (२:२४), आढळतो. आणि तोही निषेधार्थ! तथापि येथे विरोध कल्पिणे घाईचे होय. पौलासमोर सुंतेपूर्वीचा अब्राहाम आहे, याकोबासमोर इसहाकास वेदीवर ठेवणारा. पौल नाकारतो ती नियमशास्त्राची कर्मे. याकोब मागतो ते भुकेल्या बंधूस अन्न. हा भेद दृष्टीआड झाल्यानेच ल्यूथरने प्रस्तावनेत याकोबाच्या पत्रास गवताची उपमा दिली असावी. पुढील आवृत्त्यांतून ती गाळण्यात आली.