हात धुवा, पण कुठल्या नळावर?

आज आपण नीतिशास्त्रातलं एक जुनं तत्त्व घेऊन २०२० सालच्या तीन वाक्यांकडे पाहणार आहोत. घरातच राहा. अंतर ठेवा. वारंवार हात धुवा.

वैद्यकीयदृष्ट्या हा सल्ला योग्यच होता, त्याबद्दल आमचा वाद नाही. आमचा आक्षेप आहे तो त्यामागच्या गृहीतकावर. ही वाक्यं कुणाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली होती? तर आमच्यासारख्याला. स्वतंत्र खोली, चोवीस तास पाणी, घरात संडास. आम्ही मोठ्या निष्ठेनं हात धुतले आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंनाही फोनवर तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘सर, नळाला पाणी सकाळी दोनच तास. आणि संडासाला जायचं तर बाहेर पडावंच लागतं ना!’’ आमचं तत्त्वज्ञान तिथं गप्प झालं.

कान्टच्या विचारात एक सूत्र आहे : ‘केलं पाहिजे’ असं म्हणायचं, तर ते ‘करता येणं’ शक्य हवं. जे शक्यच नाही ते कर्तव्य होत नाही. मग अशी आज्ञा देणं म्हणजे काय? आपली जबाबदारी समोरच्याच्या गळ्यात टाकणं!

आता धारावी पाहा. जेमतेम अडीच चौरस किलोमीटर जागा आणि वस्ती लाखांत. बहुतेकांना सार्वजनिक शौचालयावाचून पर्याय नाही. १ एप्रिल २०२० रोजी तिथं पहिला रुग्ण आढळला. पुढं घरोघर तपासणी झाली, शाळांमध्ये विलगीकरणाची सोय झाली, शौचालयं दिवसातून अनेकदा निर्जंतुक केली गेली, लोकांपर्यंत जेवण पोचलं. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं उदाहरण दिलं. म्हणजे आधी ‘करता येईल’ असं केलं, मग ‘करा’ म्हणण्याला अर्थ आला. पण आपण गोष्ट सांगतो ती ‘लोकांच्या जिद्दीची’. जिद्द होतीच हो! पण कौतुकाच्या या शालीखाली शौचालयापुढची रांग झाकली जाते.

त्याच जुलैमध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्तचाचण्या झाल्या. झोपडपट्टीतल्या सुमारे ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली, तर इतर वस्तीत सुमारे १६ टक्के. शहर एक, सूचना त्याच. मग इमारतीतले लोक साडेतीन पट सद्‌गुणी होते असं म्हणायचं का? फरक शिस्तीचा नव्हता. दाटीचा होता, नळाचा आणि संडासाचा होता.

कुणी म्हणेल, साथ दाराशी आल्यावर पाइपलाइन टाकत बसणार का? प्रश्न रास्त आहे. साथीत तातडीच्या सूचना द्याव्याच लागतात. पण साथी काही नव्या नाहीत. २०२० मध्ये आपण जो साथरोग कायदा वापरला, तो प्लेगच्या वेळचा, १८९७चा. त्यात सरकारला अधिकार आहेत, न ऐकणाऱ्याला शिक्षा आहे. वस्तीला पाणी पुरवण्याचं बंधन मात्र त्यात नाही. सव्वाशे वर्षांत आज्ञा तयार होती, नळ तयार नव्हता.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच : स्वच्छता हा व्यक्तीचा सद्‌गुण म्हणून शिकवण्याआधी ती समाजाची व्यवस्था म्हणून उभी करावी लागते. पुढच्या साथीत ‘हात धुवा’ असं सांगण्याचा अधिकार हवा असेल, तर तो आजच, साथ नसताना, कमवायला हवा. त्या बाईंना काय उत्तर द्यायचं, ते आम्हाला अजून सुचलेलं नाही. तुम्हीही विचार करा. थांबतो.