मारुतीचा संसार

परदेशी जाऊन देवळं बघायची नाहीत, असा ठराव आमच्या घरात निघण्यापूर्वीच एकमताने पास झाला होता. एकमताने म्हणजे आईचं मत न विचारता. "देवळं काय, आपल्याकडे पैशाला पासरी आहेत," असं आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं. चिरंजीवांना मॉल हवे होते. मला एखाद्या सावलीत बसून बघणाऱ्यांकडे बघायचं होतं. पण बँकॉक हे गाव असं आहे, की एका दिवसात 'सगळं' बघायचं म्हटलं की माणूस फिरून फिरून देवळातच येतो. या गोष्टीला आता आठ महिने झाले. त्या दिवसातलं माझ्या लक्षात राहिलंय ते एवढंच : एका ओवरीतली भिंत आणि तिच्यासमोर उभी असलेली माझी आई. तेव्हा इथे प्रवासवर्णनाची अपेक्षा ठेवू नये. ती पुष्कळ झाली. ही त्या भिंतीवरच्या चित्रांची समीक्षा आहे. समीक्षक माझी आई. मी आपला लेखनिक.

तरी सकाळ दोन ओळींत उरकतो. राजवाड्याच्या रस्त्यावर एका अत्यंत सभ्य गृहस्थाने "आज राजवाडा बंद आहे, मी तुम्हांला दुसरीकडे नेतो," असं सांगितलं. पुण्यात जन्म काढलेल्या माणसाला 'बंद आहे' या शब्दांची भीती वाटत नाही. आम्ही सरळ पुढे गेलो. राजवाडा उघडा होता. बंद होते ते फक्त उघडे गुडघे. चिरंजीव अर्ध्या विजारीत असल्याने त्यांना रस्त्यावरून एक हत्ती छापलेली लांब विजार घेऊन द्यावी लागली, आणि तीत ते इतके शोभून दिसले की पुढचे चार दिवस त्यांनी ती काढली नाही.

राजवाड्याच्या आवारातच ते पाचूच्या बुद्धाचं देऊळ आहे. मूर्ती नावाला पाचूची, खरी हिरव्या दगडातली. उंची जेमतेम दोन फुटांच्या वर. उन्हाळा, पावसाळा आणि थंडी असे तिचे तीन पोशाख असून ते ऋतू पालटला की राजाच्या हस्ते बदलले जातात. आईला हे फार आवडलं. "आपल्या विठोबासारखंच की. थंडीत त्याला कानपट्टी बांधतात," ती म्हणाली, आणि इथून पुढे त्या देशाविषयी तिचा ग्रह चांगला झाला.

देवळाभोवती चारी बाजूंनी ओवरी आहे आणि ओवरीच्या भिंतीवर सबंध रामायण. १७८ चित्रं. थाई लोक त्याला 'रामकियन' म्हणतात. १७६७ साली ब्रह्मी फौजेने अयुत्थया, म्हणजे त्यांची अयोध्या, जाळली. तिच्याबरोबर जुन्या रामकथेच्या बहुतेक पोथ्या गेल्या. १७८२ साली पहिल्या रामराजाने बँकॉकला नवी राजधानी वसवली आणि १७९७ साली दरबारातल्या कवींना हाताशी धरून सगळी कथा पुन्हा लिहून काढली. राजधानी जळाल्यावर तट बांधणारे, देवळं उभारणारे राजे पुष्कळ असतात. हरवलेली गोष्ट पुन्हा उभी करणं हेही राज्यकारभारातलंच काम आहे, असं वाटणारे थोडे.

आता चित्रांविषयी. पहिली तक्रार रंगांची. पहिल्या रामाच्या काळापासून ही चित्रं वारंवार नव्याने रंगवली गेली आहेत. १९३२ साली शहराला दीडशे वर्षं झाली तेव्हा, १९८२ साली दोनशे झाली तेव्हा. त्यामुळे सोनं फार चकाकतं, निळा फार निळा दिसतो. पण ज्यांचे राम-लक्ष्मण मळवलीच्या रविवर्मा प्रेसमधून फ्रेमसकट घरी आले, त्यांनी या बाबतीत जपून बोलावं.

दुसरी तक्रार गंभीर आहे. या चित्रांत राम जवळजवळ नाहीच. म्हणजे आहे; जागोजाग आहे, आणि प्रत्येक ठिकाणी एकसारखाच आहे. सीतेचं हरण होवो, वाली पडो, रावण मरो. मुकुट तोच, चेहरा तोच, त्यावर रेष हलत नाही. जाणकार सांगतात की त्या शैलीत थोरामोठ्यांच्या चेहऱ्यावर भावना दाखवत नाहीत. त्या हातांच्या नि शरीराच्या वळणातून ओळखायच्या. मान्य. पण माझा संशय असा, की जिथल्या राजालाच राम म्हणतात (चक्री घराण्यातल्या राजांना राम पहिला, राम दुसरा असे आकडे देण्याची ही रीत सहाव्या रामाने पाडली, सध्या दहावा राम आहे) तिथला चित्रकार रामाचा चेहरा काढताना थोडा दबूनच काढणार. कचेरीत लावलेल्या तसबिरीला आठी घालायची सोय नसते.

ही सगळी कसर चित्रकारांनी खालच्या कडेला भरून काढली आहे. वर मोठमोठे सोनेरी योद्धे लढताहेत आणि खाली किरकोळ मंडळी आपापल्या उद्योगाला लागली आहेत. त्यांना चेहरे आहेत, पोटं आहेत, भांडणं आहेत. माझा मुलगा तिथेच रमला. आणि दुसरी भरपाई केली आहे ती मारुतीत. हा मारुती पांढराशुभ्र. त्याने जांभई दिली की तोंडातून चंद्र आणि तारे बाहेर पडतात. एका चित्रात तो इतका मोठा झालाय की रामाचा सबंध मंडप त्याने संरक्षणासाठी तोंडात धरलाय. आई त्या चित्रापाशी पाच मिनिटं उभी होती. तिला कोणी वाटाड्या लागला नाही. "हा सेतू. हा दशमुख. हा बिभीषण, बघ कसा अवघडून बसलाय." ७६ वर्षांची बाई परक्या मुलुखात माहेरच्या माणसांची नावं घ्यावीत तशी घेत होती.

आणि मग सेतूच्या चित्रात पाण्याखाली तिला ती मासोळी दिसली. कमरेवर सुंदर स्त्री, कमरेखाली मासा. आणि तिचा पाठलाग करणारा आपला पांढरा मारुती.

"हे काय चाललंय?" आई म्हणाली.

मी सांगितलं. ही सुवर्णमच्छा, रावणाची मुलगी. वानर समुद्रात दगड टाकायचे आणि बापाच्या हुकुमावरून हिचे मासे ते पळवायचे. मारुती बुडी मारून जाब विचारायला गेला आणि... "आणि काय?" आणि प्रेमात पडला. त्यांना मुलगाही झाला. मच्छानू. अंग वानराचं, शेपूट माशाचं.

सौभाग्यवती माझ्याकडे अशा बघायला लागल्या, की ही कथा मीच रचलीय. आईने चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. वज्रकौपीनधारी, शनिवारी रुईची माळ, शेंदूर, तेल या सगळ्याचं आता काय करायचं, हा प्रश्न मला तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होता. परिस्थिती सावरावी म्हणून मी म्हटलं, "अगं, मुलगा आपल्याकडेही आहे. मकरध्वज."

"तो घामाच्या थेंबातून. मगरीने थेंब गिळला म्हणून."

"तेच म्हणतोय मी. मूल दोन्हीकडे आहे. समुद्र दोन्हीकडे आहे. त्यांनी मुलाला आई दिली, आपण घाम दिला."

इथे समीक्षक गप्प झाला. बराच वेळ. मग म्हणाला (म्हणजे म्हणाली), "आमच्या गावच्या मारुतीला मी कधी हात लावला नाही. बायकांनी शिवायचं नाही म्हणायचे. तेलाची वाटी बाहेरून द्यायची आणि लांबून हात जोडायचे. भाऊ आत जायचा. मला वाटायचं, एवढा डोंगर उचलणारा देव, आणि माझ्या बोटाने त्याचं काय बिघडणार होतं?"

तिच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. पण मी रामकथेवर वाचलेल्या पुस्तकांत, आणि मी थोडीफार वाचली आहेत, ब्रह्मचर्याचा हा जमाखर्च मला कुठे आढळला नव्हता. व्रत देवाचं आणि लांब उभं राहायचं बायकांनी. थाई लोकांनी मारुतीला संसार दिला तो त्याला खाली ओढायला, असं म्हणणारे आपल्याकडे निघतील. पण त्याची स्वामिभक्ती त्यामुळे तसूभरही कमी झालेली त्या १७८ चित्रांत कुठे दिसत नाही. सेतू पुरा झालाच.

पुढे मी धीर करून आणखी एक बातमी सांगितली. बेंजकाई नावाची राक्षसी सीतेच्या प्रेताचं सोंग घेऊन नदीतून वाहत येते. रामसुद्धा फसतो. मारुती म्हणतो, प्रेत जाळून बघू. ज्वाळा लागताच ती धुराबरोबर वर उडते आणि मारुती तिला हवेत पकडतो. पुढे तिच्याशीही त्याचं जमतं.

"ही कोणाची?"

"बिभीषणाची मुलगी."

"मग ठीक आहे," आई म्हणाली. "घर चांगलं आहे."

दुपारी शेजारच्या वाट फो या देवळात ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध बघितला. तिथे भिंतीलगत १०८ काशाची भांडी ओळीने ठेवली आहेत. प्रत्येकात एकेक नाणं टाकत जायचं. आईने एकही भांडं चुकवलं नाही. आवाज मोजत होती. मग होडीने नदी ओलांडून अरुणाच्या देवळाकडे निघालो. हा अरुण म्हणजे आपलाच, सूर्याचा सारथी. त्याचा सबंध मनोरा चिनी मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांनी मढवलाय. पण आमच्यातलं बघणं तोवर संपलं होतं. चिरंजीव हत्तींसकट बाकावर आडवे झाले होते.

"त्या मुलाचं पुढे काय झालं रे?" आईने विचारलं. "मच्छानूचं."

मी सांगितलं, की पुढे पाताळाच्या वाटेवर बापलेकांची गाठ पडली, ओळख नसताना लढाई झाली, कोणी हरेना. मुलगा म्हणाला, माझ्या आईने सांगितलंय, जांभईतून चंद्र-तारे काढील तो तुझा बाप. मग मारुतीने जांभई दिली.

आई नदीकडे बघत राहिली. तेवढ्यात नातवाने जबडा फाडून मोठी जांभई दिली.

"अगदी ह्यांच्यावर गेलाय," ती म्हणाली. "कीर्तनात पहिल्या रांगेत बसायचे आणि अश्शी जांभई द्यायचे. बुवा थांबायचे."