वाक्याच्या शेवटी काय ठेवायचं? एका जुन्या लेखाशी थोडं भांडण

‘पेपर लिहायला शिकायचं तर लेखन-संपादनाचा एखादा सर्टिफिकेट कोर्स करू का?’ एमएस्सीच्या शेवटच्या वर्षातली, नेट-सेटच्या तयारीतली मुलं हा प्रश्न वरचेवर विचारतात. ऑस्ट्रेलियात, अमेरिकेत पदवीनंतरचे असे कोर्स आहेत. ऑस्ट्रेलियात त्यांची मुदत साधारण सहा महिने ते वर्ष. पुढे संपादनाचंच काम करायचं असेल तर जरूर चौकशी करा. (तिथेही गंमत आहे: जीवविज्ञानातल्या संपादकांची परीक्षा घेणारं ‘बेल्स’ हे मंडळ पदवीबरोबर कामाचा अनुभवही मागतं.) पण आपला स्वतःचा प्रबंध नीट लिहायचा, एवढीच गरज असेल तर आधी एक लेख वाचा.

जॉर्ज गोपेन आणि ज्युडिथ स्वान यांचा ‘द सायन्स ऑफ सायंटिफिक रायटिंग’. ‘अमेरिकन सायंटिस्ट’मध्ये १९९० साली आला. मुद्दा सोपा आहे. वाचक वाक्यातल्या ठरावीक जागी ठरावीक गोष्ट शोधतो. सुरुवातीला ओळखीचं, म्हणजे आधीच्या वाक्याशी जोडणारं काहीतरी. आणि शेवटी नवं, महत्त्वाचं. शेवटच्या जागेला ते ‘स्ट्रेस पोझिशन’ म्हणतात. कर्ता आणि क्रियापद जवळजवळ ठेवा, हेही त्यांचं एक तत्त्व. अशी एकूण सात तत्त्वं आहेत, आणि हे नियम नाहीत असं ते स्वतःच बजावतात.

लेखाची खरी ताकद मात्र या यादीत नाही, उदाहरणांत आहे. छापून आलेल्या पेपरांतले उतारे घेऊन ते ओळ न् ओळ उसवतात. माइटोकॉन्ड्रियातल्या जनुकांवरच्या एका उताऱ्यात पहिल्याच वाक्यात कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये २३ शब्द आहेत. ते २३ शब्द महत्त्वाचे आहेत की जाता जाता सांगितलेले? वाचकाला कळत नाही. मग लेखक ते वाक्य दुरुस्त करायला घेतात आणि एकाऐवजी वेगवेगळे पर्याय देतात, कारण मूळ लेखकाला नेमकं काय ठसवायचं होतं हे वाक्यावरून त्यांनाही ठरवता येत नाही.

इथे जरा थांबा. ‘भाषा सुधारून आणा’ असा रिव्ह्यूअरचा शेरा आला की आपल्याकडे पेपर थेट पैसे देऊन एडिटिंगला पाठवतात. तिथून ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ नीट होऊन येतात, स्पेलिंग सुधारतं. पण तुमच्या चार निष्कर्षांपैकी मुख्य कोणता, हे तो संपादक कुठून आणणार? गोपेन-स्वान यांच्यासारख्या जाणकारांनाही जे पानावरून कळलं नाही, ते त्याला शब्दागणिक दरात कळेल ही अपेक्षाच चूक.

आता भांडण. ‘वाचक अशी अपेक्षा ठेवतो’ हे लेखात फार ठामपणे येतं. पुरावा म्हणून बहुतेक वेळा त्यांनी स्वतः केलेलं पुनर्लेखनच समोर येतं. दोन आवृत्त्या वाचकांच्या दोन गटांना देऊन काय फरक पडला, याचे आकडे नाहीत. शीर्षकात ‘सायन्स’ आहे म्हणून सायन्सच्या विद्यार्थ्याला हे खटकायलाच हवं. मूळ उतारा आणि सुधारित उतारा वाचून पटतं, हे खरं; पण पटणं वेगळं आणि मोजणं वेगळं.

दुसरी अडचण आपली आहे. हा ‘वाचक’ इंग्रजी वाचणारा आहे. मराठीत वाक्याचा शेवट क्रियापदाने अडवलेला असतो, आणि जोर बहुधा त्याच्या अलीकडच्या जागी पडतो. ‘काल नमुना तापमान वाढल्यामुळे फुटला.’ कारण ठसवायला आपण ते क्रियापदाजवळ आणतो. किंवा वाक्य उलटं फिरवतो: ‘नमुना फुटला तो तापमान वाढल्यामुळे.’ कर्ता आणि क्रियापद यांच्यात अर्धं वाक्य मावलं तरी आपल्याला अडखळायला होत नाही, कारण क्रियापदाची वाट बघायची सवयच असते. मला वाटतं, मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिताना हीच सवय सोबत येते: कर्त्याला सगळी विशेषणं, कंस आणि अटी चिकटवायच्या आणि ‘वॉज ऑब्झर्व्ह्ड’ शेवटी टाकून मोकळं व्हायचं. व्याकरण बरोबर, पण सगळ्यात जोरकस जागा सगळ्यात रिकाम्या क्रियापदाला दिलेली. लेखाने या वाचकांचा विचार केलेला नाही. तरी सर्वात जास्त उपयोग आपल्यालाच होईल, असं माझं मत.

वाचताना भूकंपांवरचा उतारा सोडू नका. विषय अगदी परका असला तरी. वाक्यांची सुरुवात बदलत गेल्यावर युक्तिवादातली कुठली पायरी लिहायचीच राहून गेली आहे, ते तिथे दिसायला लागतं. मग स्वतःच्या सिनॉप्सिसचं एक पान घ्या, प्रत्येक वाक्याचे शेवटचे चार-पाच शब्द अधोरेखित करा आणि फक्त तेवढेच गाइडसमोर वाचून दाखवा. तुमचं काम कशावर आहे, हे त्यांना त्यातून ओळखता येतंय का बघा.