इफ्ताहची मुलगी आणि व्यासपीठ

बायबलमधल्या अवघड उताऱ्यांवर प्रवचनं कशी होतात हे तपासण्याआधी ते उतारे मंडळीच्या कानावर पडतात का, हे बघावं लागतं. अनेक प्रोटेस्टंट चर्चमध्ये 1992 सालचा सुधारित सामायिक वाचनक्रम चालतो. तीन वर्षांच्या त्या फेऱ्यात ‘शास्ते’ या पुस्तकाच्या वाट्याला एकच उतारा आलाय, दबोरेचा. सेनापती इफ्ताहची मुलगी त्यात नाही. कॅथलिक वाचनक्रमात ती आहे, पण आडवारी; आणि तेही वाचन अकराव्या अध्यायाच्या एकोणचाळिसाव्या वचनात मध्येच थांबतं. इस्राएलाच्या मुली दरवर्षी चार दिवस तिचा शोक करत, ही नोंद त्यामुळे गळते. बापाचा नवस ऐकू येतो, बायकांचं रडणं नाही.

अम्मोन्यांवर जय मिळाला तर घरातून जे प्रथम सामोरं येईल त्याचं होमार्पण करीन, असा तो नवस. डफ वाजवत, नाचत येते ती एकुलती एक लेक. नवसाला देव हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. मुलाचा बळी देऊ पाहणाऱ्या अब्राहामाला थांबवणारा दूत इथे फिरकत नाही.

उपदेशकाला हे सोसवत नाही. ती मेलीच नाही, आजन्म कुमारी राहून एकांतात जगली, असा अर्थ मध्ययुगात यहुदी भाष्यकार दाविद किमही यांनी लावला आणि पुढे ख्रिस्ती प्रवचनांतही तो रुळला. संगीतकार हँडेलच्या ‘जेफ्था’ (म्हणजे इफ्ताह) या 1752 च्या संगीतरचनेत तर देवदूत येऊन तिला वाचवतो. त्याच्या सुमारे शंभर वर्षं आधीचं कारिस्सीमीचं ‘जेफ्ते’ मात्र विलापावर संपतं. मला तेच अधिक प्रामाणिक वाटतं.

1984 साली फिलिस ट्रिबल यांच्या ‘टेक्स्ट्स ऑफ टेरर’नं हागार, तामार, लेव्याची उपपत्नी आणि ही मुलगी यांच्या कथा एकत्र, बारकाईनं वाचल्या. त्यानंतर व्यासपीठावर धीटपणा आला, पण नवी सोयही आली: इफ्ताहला मूर्ख ठरवायचं आणि मोकळं व्हायचं. जुना मिद्राश, म्हणजे यहुदी भाष्य, याहून तिखट आहे. मुख्य याजक फिनहास हा नवस मोडून देऊ शकला असता. पण मी इफ्ताहकडे का जाऊ, असं याजकाला वाटलं आणि मी याजकाकडे का जाऊ, असं सेनापती इफ्ताहला. दोघांच्या मानापानात पोरगी गेली. प्रवचन देणारा स्वतः याजकाच्या जागी उभा असतो, म्हणून ही बाजू फारशी ऐकू येत नसावी.

‘शास्ते’च्या एकोणिसाव्या अध्यायाला, लेव्याच्या उपपत्नीच्या कथेला, तर कुणी हातच लावत नाही. गिबा गावातल्या टोळक्यानं रात्रभर अत्याचार केलेली ती स्त्री उंबऱ्यावर पडलेली असते. लेवी तिला हाक मारतो, उत्तर येत नाही. ती मेली होती का, हे हिब्रू मजकूर सांगत नाही. ग्रीक भाषांतरानं मात्र ती मेली होती, अशी भर घातली. घरी पोचल्यावर तो तिचे बारा तुकडे करतो, म्हणून ही भर दिलासा देणारी.

उपदेशकाला अध्याय टाळता येतो, भाषांतरकाराला नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणलं. ते 1924 मध्ये, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झालं. केडगावला असंख्य निराधार बायकांना आसरा देणाऱ्या त्या बाईंच्या हाताखालून हाही अध्याय गेला. तो संपतो ते ऐकणाऱ्यांना विचार करा, मसलत करा, बोला असं बजावून. मसलत एकट्या पाळकाला जमणारी नाही. रविवारच्या उपासनेपेक्षा बायबल अभ्यासाच्या वर्गात ती होऊ शकेल, पण तिथे आधी बायकांना बोलू द्यावं लागेल.