पापाचा वारसा : केशवसुत व टिळक

मालगुंड हें केशवसुतांचें जन्मग्राम. त्यांचे स्नेही रेव्हरंड ना. वा. टिळक हेही रत्नागिरी जिल्ह्यांतलेच. त्यांनीं १८९५ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. जगांत पाप व मरण आलें कोठून, या प्रश्नावर हे दोघे कवि शेजारीं ठेवून पाहण्यासारखे आहेत.

संत पौलाच्या मतें आदामाच्या आज्ञाभंगानें पाप जगांत शिरलें व पापामागून मरण आलें. आपल्या कर्मसिद्धांतास हें खटकतें : एकाच्या अपराधाचें फळ सर्वांनीं कां भोगावें? परंतु ‘तुतारी’ (१८९३) लक्षपूर्वक वाचावी. केशवसुतांसही मनुष्याचा दोष वारशानेंच आलेला दिसतो. रूढि घालून गेले पूर्वज. बेडी मात्र वंशजांच्या पायीं!

म्हणजे वारसा दोघांसही मान्य आहे. भेद आहे तो उपायांत. टिळकांची सुटका ख्रिस्ताच्या कृपेनें, केशवसुतांची मनुष्याच्या पराक्रमानें. मात्र पराक्रमानें रूढि मोडते, मरण मोडत नाहीं. १९०५ सालीं हुबळीस प्लेगानें केशवसुतांस नेलें. वय अवघें ३९ वर्षांचें. हें मरण कोणत्या पापाचें फळ? येथें ‘तुतारी’ मुकी होते. टिळकांचें उत्तर पटो वा न पटो, तें या प्रश्नास पाठ दाखवीत नाहीं, एवढें तरी कबूल केलेंच पाहिजे.