भिवंडी, ‘तमस’ आणि ‘इंधन’ : नैतिक धैर्याचा एक विचार

राजकीय अस्वस्थतेच्या काळात साहित्याकडून नैतिक धैर्याची अपेक्षा करावी काय, हा प्रश्न मराठी समीक्षेत अधूनमधून उपस्थित होतो. आणि तो झाला की आपल्या दृष्टीसमोर बहुधा कराड उभे राहते. डिसेंबर १९७५ मध्ये, आणीबाणी चालू असताना, कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी जाहीर प्रार्थना केली. त्या संमेलनाचे स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. पुढे १९७६ मध्ये दुर्गाबाईंना अटक झाली. या प्रसंगाचे मोल कमी लेखण्याचा हेतू येथे अर्थातच नाही. परंतु हे धैर्य साहित्यिकाचे आहे, साहित्यकृतीचे नव्हे. शिवाय त्यात प्रतिपक्ष बाहेरचा, म्हणजे सत्तेचा आहे. जेथे प्रतिपक्ष आपल्याच आळीत, आपल्याच घरात असतो, तेथे साहित्यकृती काय करते, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. तो करावयाचा तर कराडहून भिवंडीकडे यावे लागते.

७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी भिवंडीत दंगा उसळला आणि त्याचे पडसाद जळगाव व महाड येथेही उमटले. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने या तिन्ही ठिकाणच्या घटनांची चौकशी केली. यंत्रमागांच्या या गावात त्या वेळी आलेल्या पाहुण्यांत बलराज साहनी आणि त्यांचे धाकटे बंधू, हिंदी कथाकार भीष्म साहनी हेही होते. उजाड गल्ल्या, जळालेली घरे आणि थांबलेले माग पाहताना भीष्मजींना १९४७ मधील रावळपिंडी आठवली. तेथे दंग्यांनंतर त्यांनी काँग्रेसच्या मदतकार्यात भाग घेतला होता. दिल्लीस परतल्यावर त्यांनी जी कादंबरी लिहावयास घेतली, ती ‘तमस’. हा वृत्तान्त त्यांनी स्वतःच आपल्या आठवणींत नमूद केला आहे. कादंबरीत भिवंडीचे नावही येत नाही. तरी ती भिवंडीतून निघालेली आहे, ही गोष्ट मराठीच्या विद्यार्थ्याने दृष्टिआड करू नये. जे तेवीस वर्षांपूर्वी घडून गेले असे वाटत होते, ते संपलेलेच नव्हते, याची जाणीव या कादंबरीच्या मुळाशी आहे.

‘तमस’चा प्रारंभ सर्वांस ठाऊक आहे. नत्थू नावाचा एक गरीब चांभार एका कोंदट खोपटात रात्रभर एका डुकराशी झगडतो आहे. काम मुरादअलीने सांगितले आहे, आणि कशासाठी ते नत्थूला माहीत नाही. शेवटही तितकाच ध्यानात ठेवण्यासारखा आहे. दंगा संपतो, अमन कमिटी स्थापन होते, शांततेच्या घोषणा देत एक बस शहरातून निघते. आणि त्या बसमध्ये बसून घोषणा देणारा इसम मुरादअलीच असतो. दंगा ओसरल्यावर येणाऱ्या शांततेविषयी इतके कठोर भाष्य भारतीय कादंबरीत क्वचितच आढळेल. कित्येक वाचक येथेच थांबतात आणि ‘तमस’ ही निराशेची कादंबरी आहे असा निर्वाळा देतात. आम्हांस हा निर्वाळा उतावळेपणाचा वाटतो.

कारण या दोन टोकांच्या मध्ये राजो आहे. हरनामसिंग आणि बंतो हे वृद्ध शीख दांपत्य जीव वाचविण्यासाठी पळत एका अनोळखी गावात येते आणि पहिले दार ठोठावते. दार उघडणारी राजो मुसलमान आहे. घरातील पुरुष लुटीला गेलेले आहेत. ती त्यांना आत घेते. तिची सून विरोध करते, आणि त्या विरोधात भीतीही आहे, द्वेषही आहे. पुढे पुरुष परततात ते एक लुटलेली ट्रंक घेऊन, आणि ती ट्रंक हरनामसिंगाचीच निघते! कुलूप तोडण्याची खटपट चालू असता हरनामसिंग आपल्याजवळची किल्ली पुढे करतो. या प्रसंगात लेखकाने एकही उद्गार वाया दवडलेला नाही. लुटणारा शरमतो, लुटला गेलेला उपकृत आहे, आणि दोघांमध्ये एक किल्ली. रात्री राजो त्या दोघांना गावाबाहेर पोहोचविते आणि ट्रंकेतील त्यांचे दागिने त्यांच्या हाती परत देते. तिला कोणतेही तत्त्वज्ञान बोलून दाखवावयाचे नाही. ती आपल्या घरातील माणसांना सोडून जात नाही, त्यांचा धिक्कारही करीत नाही; फक्त त्यांच्या इच्छेविरुद्ध एक कृत्य करते. शहरातील चौकात उभा राहून भाषण करणारा वेडसर जर्नैल मारला जातो. त्याचेही धैर्य खरेच, पण त्याचा श्रोता म्हणजे जमाव. राजोचा श्रोता तिचा नवरा आणि मुलगा आहे. आमच्या मते ‘तमस’मधील आशा जर कोठे असेल तर ती या घरगुती अवज्ञेत आहे, अमन कमिटीत नाही.

हीच अवज्ञा मराठीत काही वर्षे आधी लिहिली गेली होती. हमीद दलवाई यांची ‘इंधन’ ही कादंबरी १९६५ साली प्रसिद्ध झाली. चिपळूणजवळच्या मिरजोळीत जन्मलेल्या दलवाईंनी कोकणातील एक गाव घेतले आणि दीर्घ काळानंतर गावी परतलेल्या एका मुसलमान तरुणाच्या तोंडून त्याची हकीकत सांगविली. खोतीचे जुने ताणेबाणे, कुळांचे बदललेले हक्क, नवबौद्धांची नवी अस्मिता आणि या सर्वांवर हळूहळू चढत जाणारा हिंदू-मुसलमान हा एकच रंग, असे त्या कादंबरीचे स्वरूप आहे. तीत दंगा बाहेरून येऊन कोसळत नाही. इंधन घरोघरी साठलेले असते. आणि निवेदक ते प्रथम आपल्या घरात शोधतो. स्वजातीयांना झुकते माप देण्याचा मोह तो टाळतो. त्याचबरोबर दुसऱ्या बाजूस निर्दोष ठरविण्याची सवंग उदारताही दाखवीत नाही. हे दुसरे पथ्य पाळणे अधिक अवघड, असे आम्हांस वाटते. कारण स्वतःच्या समाजावर टीका करणाऱ्यास पलीकडच्यांच्या टाळ्या फार लवकर मिळतात.

दलवाईंच्या जीवनकार्याचा प्रकाश या कादंबरीवर पडतो हे खरे. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा त्यांनी मुंबईत सचिवालयावर नेला. २२ मार्च १९७० रोजी पुण्यास मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. आणि त्यानंतर जेमतेम दीड महिन्याने भिवंडी पेटली. तथापि कार्याच्या या तेजामुळे ‘इंधन’चा वाङ्मयीन विचार मागे पडला. सुधारकाचे पुस्तक म्हणून तिचा गौरव झाला, कादंबरी म्हणून तिचे वाचन कमी झाले. निवेदकाला काहीच थांबविता येत नाही. सुधारकाच्या दृष्टीने हा पराभव ठरेल. कादंबरीच्या दृष्टीने मात्र ती प्रामाणिकपणाची कसोटी आहे. निवेदकाला विजयी केले असते तर वाचकाची सुटका झाली असती.

येथे असा आक्षेप येईल की, पराभवालाच धैर्य म्हणावयाचे तर आशा कोठून आणावयाची? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर शुद्ध ललित वाङ्मयात मिळेलच असे नाही. मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा जळाली. त्यानंतर १९८८ पासून तेथे पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी दोन्ही समाजांतील सामान्य रहिवासी आणि पोलीस यांना एकत्र बसविणाऱ्या मोहल्ला समित्या उभारल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत वणवा पेटला असता भिवंडीत मोठा दंगा झाला नाही. या अनुभवावर खोपडे यांनी पुढे मराठीत पुस्तक लिहिले आणि त्याला नाव दिले ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हे शीर्षक वाङ्मयीन दृष्ट्याही विचार करण्याजोगे आहे. दंगा का झाला, हे विचारण्याची आपल्याला सवय आहे. तो का झाला नाही, हा प्रश्न विचारणारे गद्य विरळा. ‘तमस’मधील अमन कमिटी दंग्यानंतर येते आणि तिच्या बसमध्ये मुरादअलीला जागा मिळते. भिवंडीच्या समित्या दंग्याच्या आधी बसल्या, आणि आधी बसणाऱ्यांना एकमेकांच्या तोंडावर एकमेकांच्या तक्रारी ऐकाव्या लागतात. राजोने एका रात्री आपल्या उंबऱ्यावर जे केले, त्याचीच ही कागदोपत्री, कंटाळवाणी, नित्याची आवृत्ती होय.

ग्रंथालयांत हे पुस्तक बहुधा पोलीस प्रशासनाच्या कपाटात असते, ‘इंधन’ कादंबऱ्यांच्या, आणि ‘तमस’ हिंदीच्या. मादन आयोगाचा अहवाल तर बहुतेक विभागांत कोणी मागत नाही. पदव्युत्तर वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याने ही चारही एका टेबलावर आणून वाचावीत, आणि वाचताना प्रथम आयोगापुढील साक्षींची भाषा तपासावी, अशी आमची सूचना आहे. शेजाऱ्याचे नाव घेताना साक्षीदार कोठे अडखळतो, हे पाहिल्यानंतर ‘इंधन’मधील निवेदकाचे मौन निराळे वाचता येईल.