फोजिनीचे नाव आणि वसईचा दगड

वसईच्या किल्ल्यात येशूसंघीयांचे जे जुने चर्च आहे, त्याच्या दर्शनी भिंतीपुढे उभे राहिले म्हणजे मनात पहिला प्रश्न उद्भवतो तो हा, की हे काम केले कोणी? दाराच्या दोन्ही अंगांस उभ्या पन्हळींचे खांब आहेत, त्यांच्या माथ्यांवर पानांची नक्षी आहे, आणि शतकानुशतके खारा वारा सोसूनही त्या पानांचे वळण अद्याप ओळखू येते. आमच्या काळ्या दगडाचा कठीणपणा ज्यांनी जाते-पाट्याच्या निमित्ताने तरी पाहिला आहे, त्यांस या वळणाचे मोल वेगळे सांगावयास नको. किल्ल्यातल्या जुन्या चर्चांत पोर्तुगीज सरदारांची नावे कोरलेले थडग्यांचे दगड आढळतात. नावे वाचता येतात. परंतु ती कोरणाऱ्या हाताचे नाव तेथे नाही. वेरूळच्या कैलासाच्या बाबतीत आपली जी स्थिती, तीच येथेही.

आता हाच दगड आपण दुसऱ्या एका ठिकाणी पाहू. जुने गोवे येथील बॉम जेझूस हे चर्च 1594 पासून 1605 पर्यंत बांधले गेले. त्याची भिंत जांभ्याची; परंतु जांभा हा भुसभुशीत, बारीक कोरीवकाम पेलणारा नव्हे. म्हणून दर्शनी बाजूचे खांब व नक्षी यांकरिता वसईकडील काळा दगड तेथवर नेण्यात आला. ज्या फ्रान्सिस झेवियरची समाधी पाहावयास लोक या चर्चमध्ये जातात, तो स्वतः 1548 साली वसईत येऊन गेला होता. त्याच्या मरणानंतर अर्ध्या शतकाने त्याच्या वाटेने वसईचा दगडही गेला. मात्र दर्शनास येणारी माणसे या दगडाखालून आत जातात आणि आतल्या समाधीपाशी थांबतात. त्या समाधीचा चौथरा करणाऱ्या शिल्पकाराचे नाव, गाव, गुरू, धनी, सर्व काही इतिहासास ठाऊक आहे.

जोव्हान्नी बात्तिस्ता फोजिनी हा 1652 साली फ्लॉरेन्स येथे जन्मला. तेथील ड्यूक तिसरा कोसिमो मेदिची याने होतकरू कलावंतांस रोमला पाठवून शिकविण्याची सोय केली, आणि 1673 साली फोजिनी त्या शाळेत दाखल झाला. शिल्पात एर्कोले फेर्राता व रेखाटनात चीरो फेर्री हे त्याचे गुरू. फेर्राता हा बर्निनीच्या हाताखाली राबलेला मनुष्य. त्यामुळे बरोक शैलीचे मर्म फोजिनीस जवळजवळ उगमापाशीच मिळाले. हे मर्म थोडक्यात असे, की दगडाने स्थिर न राहता एखादा प्रसंग घडत असल्याचा भास द्यावा. वस्त्रे फडफडावीत, ढग फाटावेत, आणि भाविकाच्या मनात भावनेची लाट उसळावी. परत आल्यावर त्याने कॉर्सिनी घराण्याच्या प्रार्थनागृहात संगमरवरी उठावचित्रे केली. 1687 साली तो दरबारचा मुख्य शिल्पकार झाला, आणि 1725 साली मरण पावला.

गोव्याचे काम त्याजकडे आले ते एका उशीमुळे. झेवियरच्या देहाच्या मस्तकाखालची उशी येशूसंघीयांनी कोसिमोस भेट दिली, आणि त्या भेटीची परतफेड म्हणून ड्यूकने हा चौथरा करविला. रंगीत संगमरवर व मौल्यवान दगड जडविण्याची फ्लॉरेन्सची कला त्या काळी प्रसिद्धच होती. तुकडे तयार झाल्यावर ते जहाजाने धाडले, आणि प्लाचिदो राम्पोनी नावाच्या कारागिराने गोव्यास येऊन 1698 साली ते जुळविले. खुद्द फोजिनीने गोवे कधीच पाहिले नाही.

चौथऱ्याच्या चारी बाजूंस काशाची चार उठावचित्रे आहेत: झेवियरचा उपदेश, त्याने दिलेला बाप्तिस्मा, शत्रूंच्या हल्ल्यातून त्याची सुटका, आणि चीनच्या किनाऱ्यावरील बेटात त्याचे मरण. यांपैकी शेवटचे आम्हांस सर्वांत उजवे वाटते. इतरत्र गर्दीचे वर्तन थोडे नाटकी आहे, आणि जे लोक फोजिनीने कधी पाहिले नाहीत त्यांस त्याने आपल्या रोमन अभ्यासातूनच उभे केले आहे. मरणाच्या प्रसंगात मात्र नाट्याला वावच नाही. एकाकी मनुष्य आणि वरचे आकाश एवढ्यावरच भागवावे लागले, आणि तेथे शिल्पकाराचा खरा संयम दिसला.

परंतु या चौथऱ्यात एक दोष आहे, आणि तो सांगितल्यावाचून आमचे टीकेचे कर्तव्य पुरे होणार नाही. चौथऱ्याच्या माथ्यावर जी चांदीची पेटी आहे, ती फोजिनीच्या कामापेक्षा साठ वर्षांनी जुनी. मार्चेल्लो मास्त्रिल्ली या इटालियन पाद्र्याच्या देखरेखीखाली गोव्याच्या सोनारांनी ती 1636-37 साली घडविली, आणि तिच्यावर झेवियरच्या आयुष्यातील 32 प्रसंग ठोकून काढले. हे प्रसंग लहान आहेत. ते हाताच्या अंतरावरून, एकेक करून वाचावयाचे आहेत. फोजिनीच्या चौथऱ्याने पेटी इतकी उंच नेली, की खालून पाहणाऱ्यास चांदीची चमक तेवढी दिसते, कथा दिसत नाही. गौरव करावयास उचलले आणि वाचण्याची सोय हरपली! सोनारांच्या नावांचे इतिहासात जे झाले, तेच त्यांच्या कामाचे त्या चौथऱ्यावर झाले.

यात फोजिनीचा अपराध आहे असे आमचे म्हणणे नाही. ड्यूकला भव्यता हवी होती, ती त्याने दिली. आमची तक्रार आहे ती आपल्या पाहण्याच्या सवयीविषयी. ज्याच्यामागे राजा आणि दफ्तर होते, त्याचे चरित्र आपल्या हाती आले; ज्यांच्यामागे केवळ छिन्नी व ठोके होते, त्यांचे आले नाही; आणि चरित्र नाही म्हणून कलाही दुय्यम, असे आपण नकळत धरून चाललो. वास्तविक या एका इमारतीत तीन हात एकत्र आले आहेत: दारावर दगड कोरणाऱ्याचा, माथ्यावर चांदी ठोकणाऱ्याचा, आणि मध्ये फ्लॉरेन्सच्या शिल्पकाराचा. यांपैकी मधला हात काढून घेतला तरी चर्च उभे राहील; पहिला काढला तर त्याला चेहराच उरणार नाही.

1739 साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीज अंमल संपला. मागे राहिले ते दगड, आणि आज ते आपलेच आहेत. ते घडविले कोणत्या धर्माच्या आज्ञेने, हा विचार इतिहासाचा. ते घडविले किती चांगले, हा विचार रसिकाचा. गोव्यास जाऊन समाधीपुढे उभ्या राहणाऱ्या आमच्या वाचकांनी आत जाण्यापूर्वी दारापाशी दोन क्षण थांबावे आणि मान वर करून पाहावे. तो दगड आपल्या वसईकडचा आहे.